कोबीचा झेल

मंजुषाचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे. समोरची पोरगी डावीकडे बघते आहे म्हणजे चेंडू उजवीकडे येणार, असंच ती धरून चालायची आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. गोलकीपरला असा संशय शोभतोही. तो तिने मैदानावरच ठेवला असता तर बरं झालं असतं.

झेलायला ती मैदानावर शिकली नव्हती. मखमलाबादच्या मळ्यातला कोबी टेम्पोने नाशिकच्या बाजारात जायचा. वडील खंडेराव वर उभे राहून "घे!" म्हणत गड्डा फेकायचे, खाली मंजुषा झेलायची. झेलताना हात पोटाशी ओढायचे आणि एक पाऊल मागे घ्यायचं, म्हणजे गड्ड्याला मार बसत नाही. चौऱ्याण्णव साली शाळेच्या फुटबॉलच्या सरांनी हे बाजारात पाहिलं आणि तिला थेट गोलमध्ये उभं केलं. पुढची चार वर्षं जिल्ह्याने दुसरी गोलकीपर शोधली नाही.

अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात देवळाली कॅम्पला राज्याच्या संघासाठी निवड सामना होता. त्याच आठवड्यात मनमाडचं स्थळ सांगून आलेलं, मुलगा रेल्वेत. आजवर एकही सामना न पाहिलेले खंडेराव त्या दिवशी बस धरून आले आणि गोलच्या मागे उभे राहिले. आजच का? मंजुषाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

शेवटच्या मिनिटाला उंच चेंडू आला. तिने हात वर केले आणि पाठीमागून आवाज आला, "घे!"

हात आपसूक पोटाशी आले, पाऊल मागे पडलं. चेंडू अलगद हातात होता, पण ती चेंडूसकट गोलरेषेच्या पलीकडे उभी होती. शिट्टी वाजली, गोल झाला. यादीत तिचं नाव लागलं नाही.

त्या संध्याकाळी खंडेराव खाली मान घालून जेवले. त्यांचं ते गप्प बसणं तिला कबुलीसारखं वाटलं. मुद्दामच ओरडला बाप, लग्न उरकायचं होतं ना! तिने ते स्थळ मोडलं, टेम्पोपाशी गड्डे झेलणं सोडलं आणि बजावलं, "आबा, माझ्या मैदानावर परत पाय ठेवायचा नाही." त्यांनी तेही निमूट ऐकलं.

दोन हजार एकला गुडघा गेला आणि खेळ संपला. मग ती शाळेतल्या मुलींना शिकवू लागली. राग मात्र तिने जपून ठेवला होता.

दोन हजार सहामध्ये एकदा ती डबा विसरली. तो घेऊन खंडेराव भीतभीत शाळेच्या मैदानावर आले. तिला दिसू नये म्हणून गोलच्या मागच्या बाजूने चालले होते. तेवढ्यात गोलमध्ये उभ्या छोट्या निकिताकडे उंच चेंडू आला. डबा खाली पडला, म्हाताऱ्याचे दोन्ही हात पुढे झाले.

"घे!"

निकिताने चेंडू धरला. खंडेरावांनी तोंडावर हात दाबला आणि मंजुषाकडे पाहिलं.

"निघून जातं गं तोंडातून," ते म्हणाले. "त्या दिवशी बी तसंच निघालं. तुझं माझ्यामुळं गेलं, हे सांगायची हिंमत नाय झाली."

आठ वर्षं! मंजुषाला स्वतःची लाज वाटली. खंडेराव सांडलेली पोळी उचलून फाटकाकडे निघाले होते.

"आबा, तिकडं कुठं? गोलच्या मागं उभे राहा," ती म्हणाली आणि निकिताकडे वळली. "हे आबा ओरडणारच. 'घे' ऐकलंस की पाऊल पुढं टाकायचं. पुढं, कळलं?"