दहा माद्यांमागे एक नर

तिला तोंडावर सगळे ‘मावशी’ म्हणत आणि पाठीमागे ‘मानमोडी’. पाठीमागचं नाव तिच्या कानावर गेलं नव्हतं असं नाही. उलट तेच तिला जास्त आवडायचं, कारण ते तिनं स्वतःच्या हातांनी कमावलं होतं.

अठ्ठावीस वर्षं ती कोंबड्यांच्या फार्मवर नर काढायचं काम करत होती. तिथे अंडी खायला नाहीत, पिल्लं काढायला जातात, म्हणून शेडमध्ये दहा माद्यांमागे एक नर अशा प्रमाणात कोंबडे सोडलेले असतात. दर मंगळवारी मावशीनं राखाडी डगला चढवायचा, लांब लोखंडी आकडा घ्यायचा आणि जो कोंबडा कामाचा राहिला नाही त्याच्या पायात तो अडकवून त्याला ओढायचं. डाव्या हातात पाय, उजव्या हातात डोकं, एक ताण, एक पीळ. टक. पाखराला कळायच्या आत ते गेलेलं असायचं. नव्या बाया घाबरत घाबरत दोन-तीनदा पिळायच्या, पाखरू हातात तडफडायचं, तेव्हा मावशी त्यांच्या मनगटावर फटका द्यायची. "मारायचं तर एकदाच मार. छळायचा पगार मिळत नाही इथे."

पांगळा नर जायचा, आजारी जायचा, आणि माजलेला तर सगळ्यात आधी. माजलेला नर नखं रोवून माद्यांच्या पाठी फाडतो. पिसं जातात, कातडं उघडं पडतं, लाल दिसलं की बाकीच्या कोंबड्या तिथेच चोची मारत बसतात आणि संध्याकाळपर्यंत त्या मादीला जिवंत खातात. कुठला नर जाणार हे मावशी ठरवायची. मधे मॅनेजरनंसुद्धा बोलायचं नाही, हा सत्तरीच्या मालकीणबाईंचा नियम होता. दुसरा नियम डगल्याचा. पाखरांना राखाडी रंगाची सवय असते. रंगीत कपडा दिसला की ती बिथरतात, कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात.

आता गंमत अशी की मॅनेजर म्हणजे मावशीचाच नवरा.

बावीस वर्षं खाद्याची पोती वाहिली म्हणून त्याला ‘पोत्या’ म्हणायचे. गरीब होता बिचारा, बायकोसमोर मान वर करायचा नाही. तीन वर्षांपूर्वी आधीचा मॅनेजर नोकरी सोडून गेला आणि बाईंनी याला खुर्चीत बसवलं. पहिल्या महिन्यात केसांना कलप लागला, दुसऱ्या महिन्यात अत्तर आलं, तिसऱ्यात दुसरा फोन. चौथ्या महिन्यात पावत्या फाडणारी, मग पॅकिंगमधली एक, आणि आता अंडी निवडणारी पोरगी. फार्मच्या वसाहतीत भिंती इतक्या पातळ की त्यानं अत्तराची बाटली उघडली तर शेजारच्यांना शिंका यायच्या. मावशीला काय काय कळलं नसेल?

याला शास्त्राचा आधारही मिळाला. खाद्य कंपनीचा डॉक्टर अधूनमधून यायचा. डॉक्टर कोंबड्यांचा, पण गप्पा माणसांच्या. त्यानं एकदा चहा पिताना सांगितलं की लाखो वर्षांपूर्वी ज्या पुरुषाच्या हातात सत्ता, त्याला बायका जास्त, पोरं जास्त, आणि त्या पोरांत तीच खोड उतरली. म्हणून मोठ्या खुर्चीतल्या माणसांचं पाऊल वाकडं पडतं, असं काही लोक मांडतात. मॅनेजरनं यातलं अर्धंच ऐकलं, कारण पुढचं ऐकायच्या वेळेला त्याचा दुसरा फोन वाजला.

रविवारी दुपारी ते अर्धं शास्त्र त्यानं जेवता जेवता बायकोला वाढलं.

"हे माझ्या हातात नाही गं. रक्तातच असतं. बलवान नराला एक मादी पुरत नाही."

"अहो, पोती वाहत होता तेव्हा कुठे होतं हे रक्त?"

"तेव्हा दबलेलं होतं."

"बरोबर. पोत्याखाली."

ताट भिंतीवर गेलं, मागोमाग तांब्या गेला, आणि तांब्याच्या वाटेत मावशीची भुवई होती. रक्त डोळ्यात उतरलं. ती पदरानं भुवई दाबत उभी राहिली आणि तो हात धूत म्हणाला, "पुढच्या सोमवारपर्यंत खोली रिकामी कर. भावाकडे जा. खोली मॅनेजरच्या नावावर आहे, तुझ्या नाही. इथे ती राहायला येणार."

दोन खोल्या आणि एक मोरी. पण भिंतीतला प्रत्येक खिळा मावशीनं ठोकलेला, गळका नळ तिनं चार वेळा बांधलेला. भावाकडे जायचं म्हणजे भावजयीच्या दारात उरलेला जन्म चोरासारखा काढायचा. आठ दिवस होते तिच्याकडे.

सोमवारी सकाळी ती अंड्यांच्या खोलीत शिरली. तिथे अंधार करून उबवायला ठेवलेलं एकेक अंडं दिव्यासमोर धरतात आणि आत पिल्लू धरलंय का ते बघतात. मावशीनं त्या पोरीची वेणी धरली आणि तिला ट्रेवर आपटलं. साठ अंडी फुटली. बलक पोरीच्या मानेवरून ओघळला.

"माझ्या घरात राहायला येतेस?"

पोरीनं हातही उचलला नाही. "कुठलं घर मावशी? मला घर नको, दिवसपाळी हवी. नाही म्हटलं की म्हणतो, रजिस्टरमधून नाव काटतो. तीन दिवस काटलंही होतं."

बाही वर सरकली होती. दंडावर चार बोटांचे निळे वळ होते. मानेमागे, बलक पुसला तिथे, नखांचे ओरखडे, काही जुने, काही ताजे. मावशीनं वेणी सोडली. अशा पाठी ती अठ्ठावीस वर्षं बघत होती.

ती खाली बसून टरफलं गोळा करायला लागली. पोरगीही बसली. थोड्या वेळानं पोरीनं एक अंडं दिव्यासमोर धरलं. "हे बघा. चार नंबर शेडचं. स्वच्छ. आत काहीच नाही. तिथली दहातली सहा अशीच निघतात."

चार नंबरमध्ये ‘सेनापती’ होता. मॅनेजरचा लाडका कोंबडा, एवढा थोराड की पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला न्यायचे. त्यानं दोन नरांचे डोळे फोडले होते, बाकीच्यांना खाद्याच्या भांड्यांखाली बसवलं होतं, आणि स्वतः इतका जड की माद्यांच्या पाठी तेवढ्या फाटायच्या, अंडी रिकामीच. दोन मंगळवार मॅनेजरनं ‘त्याला हात लावायचा नाही’ म्हणून बजावलं होतं आणि मावशीनं, नवरा म्हणून, ऐकलं होतं. नियम बाईंचा, मोडला हिनं. ते तिला आता झोंबलं.

मंगळवारी डॉक्टर शेडबाहेर भेटला. मावशी डगला चढवत होती, भुवईला पट्टी होती.

"डॉक्टर, बलवान नराची गोष्ट आमच्या ह्यांनी अर्धीच आणली. उरलेली द्या."

डॉक्टरनं पट्टीकडे बघितलं आणि चष्मा काढला. "उरलेली म्हणजे, मावशी, हा एक तर्क आहे. पुरावा अजून कच्चा. त्यात मादीही निवडते, सोडूनही जाते. आणि खोड कुठून आली हे सांगणं वेगळं, ती चालवून घेणं वेगळं. विंचू का नांगी मारतो ते मला ठाऊक आहे, म्हणून मी त्याला अंथरुणात घेत नाही."

"हे सांगितलंत त्यांना?"

"त्यांना फोन आला."

मावशी आत गेली. सेनापतीनं तिला येताना पाहिलं आणि उडीच घेतली. पायामागची टोकदार नखी डगला फाडून मांडीत गेली. दुसऱ्या उडीला तिनं आकडा टाकला आणि त्याला उलटा लटकवला. पंखांचे तडाखे तोंडावर बसत होते. तेवढ्यात कुणीतरी चुगली केल्यासारखा मॅनेजर दारात हजर. अंगात नवा लालभडक शर्ट, पोरीला दाखवायला घातलेला. डगला नाही.

"सोड त्याला."

"अहो, आधी डगला घाला. पाखरं बिथरतील."

"सोड म्हणतो ना. कोण मॅनेजर आहे इथे?"

टक.

सेनापती तिच्या हातात लोंबला. मॅनेजरनं खाली पडलेला आकडा उचलला. पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा अडवायला तिनं डावा हात वर केला आणि हाड मोडलं. तो आवाज तिच्या ओळखीचा होता, फक्त स्वतःच्या अंगातून तिनं तो कधी ऐकला नव्हता. तिसऱ्या घावासाठी आकडा वर गेला, पण दोनशे कोंबड्या एका आवाजात ओरडल्या आणि कोपऱ्याकडे धावल्या. एकीवर एक, तिच्यावर तिसरी, बघता बघता कमरेएवढा ढीग झाला. मॅनेजर घाबरून पाखरं उपसायला धावला तर लाल शर्ट बघून ढीग आणखी चढला.

"तुम्ही बाहेर व्हा आधी," मावशी म्हणाली आणि मोडका हात पोटाशी धरून एका हातानं कोंबड्या मागे फेकायला लागली. अंडी निवडणारी पोरगी राखाडी डगल्यात धावत आली. दोघींनी उपसून उपसून तळ गाठला. तळाला सगळं ओलं, गरम आणि गप्प होतं.

मालकीणबाई दुपारी आल्या. मेलेली पाखरं ओळीनं मांडली होती, एकशे एक्केचाळीस. मावशीच्या हाताला प्लास्टर होतं. बाईंनी तिचा हात बघितला, मग ओळ बघितली.

"रंगीत कपड्यात आत कोण गेलं?"

"बाईसाहेब, रागाच्या भरात झालं," मॅनेजर म्हणाला. "पुरुषाचा स्वभाव असतो एकेक. शास्त्रातही..."

"स्वभावावर डगला घालता येत नाही का?"

बाईंनी किल्ल्यांचा जुडगा मागून घेतला. "उद्यापासून पोती. हात मोडल्याचं पोलिसांत द्यायचं का ते मावशी ठरवेल." मग मावशीकडे वळल्या. "खुर्ची घेतेस?"

"खुर्ची नको. खोली माझ्या नावावर करा. आणि हिला दिवसपाळी द्या. दोन मंगळवार तो कोंबडा मी राहू दिला, ती चूक माझी लिहा."

बाईंनी तिथेच, मेलेल्या पाखरांच्या ओळीशेजारी उभं राहून कागदावर सही केली.

संध्याकाळी तो दाराशी आला. त्याची ट्रंक पायरीवर ठेवलेली होती. आजूबाजूच्या दारांच्या फटींतून सगळी वसाहत बघत होती, काहींनी तर सोयीसाठी स्टूल घेतलं होतं.

"आत येऊ दे. झालं गेलं."

"तुझं सामान तुझ्या पायाशी आहे," मावशी म्हणाली. सव्वीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला पहिल्यांदाच ‘तू’ म्हटलं.

त्यानं तिच्या प्लास्टरच्या हाताला हिसका दिला. वेदनेनं तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पण उजवा हात शाबूत होता आणि त्या हातात त्याचं मधलं बोट सापडलं. एक ताण, एक पीळ. हाड कुठे अडतं आणि कुठे सुटतं हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. थांबायची जागा तिला नेमकी कळली. ती थांबली नाही.

टक.

तो गुडघ्यावर बसला. मावशी आत गेली, एक लाकडी पट्टी आणली, त्याच्याच लाल शर्टाची बाही फाडली आणि एका हातानं, दातात गाठ धरून, ते बोट नीट बांधून दिलं.

"हलवू नकोस. दवाखाना सकाळी नऊला उघडतो." आणि दार लावून घेतलं.

पुढच्या वेळी डॉक्टर आला तेव्हा पोत्यानं पोत्यावर बसून त्याचं बोलणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मधे एकदा फोन वाजलाही, पण खिशातून काढायला बोट वळत नव्हतं.