पाकीट फोडणारी गयामाय

आमच्या अकोल्याच्या गल्लीत गोळ्यांचं पाकीट विकत घेणं सोपं होतं. ते स्वतःच्या हातानं फोडणं मात्र गाढवपणा समजला जाई. पाकिटात लिंबाच्या गोळ्या आणि एका क्रिकेट खेळाडूचं रंगीत चित्र असे. कोणता खेळाडू, हे फोडल्याशिवाय कळत नसे. म्हणून पोरं दुकानातून निघत ती थेट शेजारच्या फुटाण्याच्या भट्टीवर, गयामायकडं.

"ज्याले पायजे, त्यानं फोडू नाई," हा तिचा नियम. "आसुसल्या हाताले जवळ हाय तेच चित्र येते." तिला स्वतःला क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं, हीच तिची पात्रता. ती झारा खाली ठेवी, हात पुशी आणि नखानं कड उचलून कागद उलगडू लागे.

"मांगं सरका पोट्टेहो! डोये लावून राहिले तं कागद लाजते."

भट्टीभोवती सगळ्यांचे श्वास थांबत. मी पुष्कळ सत्यनारायण पाहिले आहेत. एवढी शांतता कथेच्या शेवटच्या अध्यायालाही नसे. मी तेव्हा अमरावतीच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकत होतो आणि हे थोतांड आहे, हे मला पक्कं माहीत होतं. तरी सुट्टीत रोज संध्याकाळी घरासाठी फुटाणे आणायला मीच जात असे.

एका दिवाळीत तिनं मास्तरांच्या बबनचं पाकीट फोडलं आणि चित्राकडं बघतच राहिली. उकिडवा बसलेला यष्टिरक्षक, दोन्ही हात पुढं. मग तिनं ते बबनच्या हातात देऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी पोरं आली, तर म्हणाली, "माहा हात गेला कामातून. आता मलेच पायजे झालं."

पोरं हिरमुसून गेल्यावर मी कारण विचारलं.

"आमचे मालक होते तवा भट्टीपुढं या पाटावर असेच बसत. हात शेकत. त्याहीचा फोटो कवा निघालाच नाई. आता चेहरा आठवाले गेलं तं धूरच येते रे बाप्पा."

"मंग ते चित्र ठेवून काहून नाई घेतलं?"

"पाकीट बबनचं होतं. म्या निस्तं फोडलं."

"मांग त्याले. देईन तो."

"देईनच. म्हनून तं मांगत नाई."

मग तिनं स्वतः विकत घेतलेलं एक पाकीट माझ्यापुढं धरलं. "तू फोड. तुले कायचीच आशा नाई." गल्लीनं मला दिलेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र. मी फोडलं. उडी घेणारा गोलंदाज निघाला. चित्राकडं न बघता ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"तुलेबी पायजेच होता नं लेका?" ती हसत म्हणाली. "मंग कसा येईन?"

अमरावतीला परतल्यावर मी पाकिटं घेऊ लागलो आणि क्रिकेटचं सोयरसुतक नसलेली माणसं शोधू लागलो. खानावळीच्या आचाऱ्यानं फोडली, न्हाव्यानं फोडली. शेवटी आमच्या तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांपुढं एक पाकीट ठेवलं. चष्म्यावरून पाहत ते म्हणाले, "याचा अभ्यासक्रमाशी काय संबंध?" इतकी शुद्ध अनास्था मी पुन्हा कुठं पाहिली नाही. त्यांनी कागद टरकावला. यष्टिरक्षक.

मिळेल त्या गाडीनं अकोला गाठलं. गयामाय भट्टीपुढं पाटावर एकटीच बसली होती. मी चित्र पुढं केलं. तिनं ते हातात घेतलं नाही. आधी पदर हळूच चाचपला, मग कपाळाखाली ओढून घेतला, आणि पाट मोकळा करून, मान खाली घालून बाजूला उभी राहिली.

चित्र कुठं ठेवावं, मला कळेना. शेवटी त्या पाटावर, विस्तवाकडं तोंड करून ठेवलं.