७९९०२७१ ला कोण भागतं?

जुन्या जालन्यात ब्लाउज नीट बसायला हवा असेल तर रामकिसन मास्तरांकडे टाकावा, आणि वेळेवर हवा असेल तर दुसरीकडे. मास्तरांचा वेळ भागाकारात जाई. त्यांच्या पायमशीनच्या पट्टीवर ७९९०२७१ हा आकडा कोरलेला होता. ही मूळ संख्या आहे, एक आणि स्वतः सोडून हिला कुणी भागत नाही, असा त्यांचा चाळीस वर्षांचा दावा. माप द्यायला आलेल्या बाईलासुद्धा ऐकावं लागे : "बेरीज पस्तीस, म्हंजे तीन बाद. शेवटी एक, म्हंजे दोन अन् पाच बाद. फुगा बाही ठिवायची का साधी?"

यंदा सून अर्पिता दुकानात बसू लागली. मास्तर कापायचे, ती शिवायची. दुकानात मशीन एकच मावायची.

"मामा, मोटरची मशीन घेऊ. पाय भरून येऊन राह्यले."

"अन् ही?"

"घरी ठिवू."

"मूळ संख्या हाये ती! सांदीला टाकतेस?"

"अन् मूळ नसली तर?"

"तर आजच उचल!" मास्तर बोलून बसले.

अर्पितानं हातातलं काम ठेवलं. "तपासली कशी तुम्ही?"

मास्तरांनी टेंभुर्णीच्या शाळेतलं अंकगणिताचं पुस्तक काढलं. शेवटच्या पानावर मूळ संख्यांचा तक्ता होता. एकशे अडुसष्ट संख्या, प्रत्येकीपुढं खडूची खूण. "एकूण एकीनं भागून पाह्यलं. पार नऊशे सत्त्याण्णवपर्यंत गेल्तो."

"मंग पुढं?"

"पुढं पान न्हाई."

अर्पितानं मोबाइलवर बोटं चालवली. "मामा, २८२७ चा वर्ग आपल्या आकड्याच्या वर जातो. तिथवरच्या मूळ संख्या बघाव्या लागतेत. पुस्तक हजारावर संपलं, संख्या न्हाई संपल्या." एवढं बोलून ती शेजारी चहा सांगायला गेली.

मास्तरांनी काळं अस्तर टेबलावर पसरलं आणि त्यावर खडूनं आकडे मांडले. १००१ सातानं जातो. १००३ सतरानं. १००५ पाचानं, १००७ एकोणिसानं. १००९ कशानंच जाईना. मग त्यानंच आपला आकडा भागायला घेतला. सात, नऊ, एक. खाली उरले ९०८१. नऊ गुणिले १००९ बरोबर ९०८१. बाकी शून्य.

चाळीस वर्षं ज्या कुंपणाशी ते थांबले होते, त्याच्या पलीकडं पहिल्याच पावलावर भागणारा उभा होता. अस्तरावर नुसता हात फिरवला असता तर खडू पुसला गेला असता. अर्पिता अजून आली नव्हती. मास्तर हात खिशात घालून उभे राहिले.

ती चहा घेऊन आली तेव्हा म्हणाले, "भाग गेला, बेटा. १००९ गुणिले ७९१९."

अर्पितानं चहा टेबलावर ठेवला. "राहू द्या ना मामा. पुढल्या वर्षी बघू."

"न्हाई. सोमेश्वरची रिक्षा बोलाव."

मशीन रिक्षात चढेपर्यंत मास्तर टेबलाशीच वाकलेले. सोमेश्वरनं हाक मारली, "मास्तर, एक हात लावा की!"

"थांब रे. ७९१९ ला कोण भागतं ते बघून राह्यलो. याला एकोणनव्वदच्या आतलंच तपासायचं हाये."


तेवीस आकड्यांनी भागून झालं. कुणीच भागलं नाही. तोवर अर्पिता आणि सोमेश्वरनं मशीन दोरीनं बांधली होती.