पाव सेकंदाचा फरक

अशा गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता, आणि आजही ‘आहे’ असं म्हणवत नाही. सगळी नोकरी ग्रंथालयात गेली. छापलेलं असलं तरी ताडून बघायची सवय लागली. पण ही हकीकत एका छापील कागदाचीच आहे, म्हणून इथे लिहिते आहे.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. नागपुरात धरमपेठेत दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो — आई, माझा मोठा भाऊ दादा, आणि मी. दादानं लग्न केलं नाही, मीही नाही. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते, दादा सदर भागातल्या एका खाजगी कॉम्प्युटर ऑफिसात. तिथे दोन मोठे कॉम्प्युटर चालत, आता ज्यांना सर्व्हर म्हणतात तसे. ट्रान्सपोर्टवाल्यांची बुकिंगं दोन्हीकडे नोंदली जायची, आणि दोघांची घड्याळं जुळली नाहीत की आधीची नोंद कोणती यावरून भांडणं. दादानं त्यावर उपाय केला. गच्चीवर मोठी डिश, खाली त्यानं स्वतः जुळवलेला रिसीव्हर. उपग्रहावरून प्रमाणवेळेचा संकेत यायचा, आणि दोन्ही घड्याळं त्याच्याशी मिळवली जायची.

आई म्हणायची, “आभाळातून टाइम आणते म्हणे, अन् जेवाले कधी टायमावर येत नाही.”

“तो टाइमही लेटच येते वं आई. वर जाऊन खाली येईपर्यंत पाव सेकंद जाते.”

“मंग तुह्यावरच गेला तो.”

हा पाव सेकंद पुढे महत्त्वाचा आहे. दर तासाला प्रिंटर आपोआप एक ओळ छापायचा: वेळ, आणि संकेत वाटेत किती रेंगाळला तो आकडा. आकडा केसभर इकडेतिकडे व्हायचा, पण पाव सेकंदाच्या आसपासच. तेवढा वजा करून घड्याळं लावायची. शिवाय रिसीव्हरवर एक बटण होतं, कुलपाच्या झाकणाखाली. ते दाबलं की तासाची वाट न बघता एक ओळ छापली जाई, आधी चांदणीची खूण. त्याची किल्ली एकच, दादाजवळ. संध्याकाळी ऑफिसातून निघताना, दिवे मालवण्याआधी तो ते बटण दाबायचा. “निघताना एकदा मिळवून निघायचं,” असं म्हणायचा.

त्या आठवड्यात त्याला ताप होता. रविवारी आई उमरेडला मावशीकडे गेलेली. ग्रंथालयात पुस्तकांची वार्षिक मोजणी होती, मला जावं लागलं. निघताना दादा म्हणाला, “शालू, तीनपर्यंत येशील ना?” मी हो म्हटलं.

एका कपाटातली तीन पुस्तकं जुळेनात. ती शोधत बसले… घरी पोचले तेव्हा साडेपाच झाले होते. दादा कुशीवर झोपल्यासारखा होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. दोन ते पाचच्या मधात केव्हातरी.

दहाव्याच्या आदल्या दिवशी गुरुजी आले. त्यांनी पंचांग उघडलं. त्या रविवारी चतुर्थी दुपारी तीन बेचाळीसला संपून पंचमी लागली होती. “नक्की वेळ सांगा,” ते म्हणाले, “वर्षश्राद्धाची तिथी त्यावर ठरेल.” मी डॉक्टरांचं ‘दोन ते पाच’ सांगितलं. “माहीतच नसेल तर अमावस्या धरा.”

आई तोवर रडली नव्हती. “अमावस्येले काहून? त्याले काय कोणी नव्हतं?” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “जन्मभर सेकंद मोजत राहिला माहा पोरगा. अन् त्याचीच वेळ कोणाले मालूम नाही.”

त्याच संध्याकाळी दादाच्या हाताखाली काम करणारे बोंद्रे आले. आई आत पडली होती. त्यांनी पिशवीतून घडी घातलेला प्रिंटरचा कागद काढला. त्या रविवारचा.

“ताई, हे पाहा. मले काही समजून नाही राहिलं.”

तीनची ओळ होती, चारची होती. त्यांच्या मधे एक ओळ, आधी चांदणी. वेळ तीन सत्तावन्न.

“ऑफिस बंद होतं,” बोंद्रे म्हणाले. “कुलूप सोमवारी मीच उघडलं. चौकीदार दिवसभर जिन्यातच बसून होता. अन् बटणाची किल्ली…”

किल्ली दादाच्या खाटेजवळच्या खिळ्याला टांगलेली होती. आम्ही दोघांनीही तिकडे पाहिलं.

“आता हा आकडा पाहा.”

संकेताला लागलेला वेळ: शून्य. पुढे सगळी शून्यंच.

“बिघाड असेल,” मी म्हटलं.

“सिग्नल गेला तर नुसत्या रेघा येतात, ताई. मी आठ दिवस झाले तपासून राहिलो. चारच्या ओळीत पुन्हा पाव सेकंद आहे.” त्यांनी शून्यांवर बोट ठेवलं. “हा कागद म्हणते, त्या वक्ती टाइम वरून आलाच नाही. तिथूनच आला, मशीनच्या जवळून.”

ते गेल्यावर मी कागद घेऊन बसून राहिले. तो दाखवला तर आईला तिथी मिळणार होती. पण दादा तीन सत्तावन्नपर्यंत होता, म्हणजे मी कबूल केल्याप्रमाणे तीनला आले असते तर जवळ असते — हेही त्यावर लिहिलेलं होतं. डॉक्टरांच्या ‘दोन ते पाच’मध्ये मला थोडी जागा होती. कागद ग्रंथालयातल्या एखाद्या जाड पुस्तकात ठेवला असता, तर कुणाला सापडला नसता. बोंद्रे काही बोलणाऱ्यातले नव्हते.

मी आत गेले आणि आईला सगळं वाचून दाखवलं. तीनला यायचं ठरलं होतं, हेही सांगितलं.

तिनं शून्याचं काही विचारलं नाही. कागदावरून हात फिरवला. म्हणाली, “मिळवून गेला.” आणि नंतर, “पंचमी सांग गुरुजीले.”

बोंद्र्यांनी पुढे शहरातल्याच दोन इंजिनियरांना कागद दाखवला. दोघांनी दोन कारणं सांगितली, आणि दोन्ही कारणं किल्लीपाशी येऊन अडली. रिसीव्हर नंतर दोन-तीन वर्षं चालला. तशी ओळ पुन्हा आली नाही. माझ्याकडे आजही याचं उत्तर नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मी वाचेन.

आई गेल्यावर पंचमीचं पान मीच वाढते. नोकरीत होते तोवर त्या दिवशी अर्धी रजा टाकायचे. आता रजेचा प्रश्न नाही, पण कुठेही असले तरी तीनच्या आत घरी येते.