उंदराचा जंत गोगलगाईत

आता आईची शपथ घेऊनच सांगतो, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. म्हणजे उंदीर मी नेहमी सांगतो तसे मांजराएवढे नव्हते, आणि शपथ घ्यायला आईची मनाई होती. पण बाकी सगळं खरं.

आपला वर्धा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. नागपूरच्या कॉलेजातल्या एक बाई हिंगणघाटला जंतांचा अभ्यास करायला आल्या. जंत म्हणजे पोटातले, तेही उंदरांच्या आणि गोगलगाईंच्या. हसता काय? माणसं याहून वाईट गोष्टींवर जीव लावतात. मी बाईंवर लावला.

मी त्यांचा मदतनीस. कापसाच्या जिनिंगमधल्या सरकीच्या ढिगात पिंजरे लावायचे; भजं अर्धं उंदराला, अर्धं मला. वेणा नदीच्या काठी चिखलात गोगलगाई वेचायच्या. आतडं मिठाच्या पाण्यात उकलायचं, जंत चिमट्यानं उचलून स्पिरिटच्या बाटलीत सोडायचे आणि आत चिठ्ठी टाकायची, कुठल्या प्राण्यातला ते लिहून.

चिठ्ठी पेन्सिलनंच लिहायची, हे बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण एकदा त्या म्हणाल्या, "तुमचं अक्षर छान आहे हो." झालं! मी रोहणा गावच्या माझ्या मामाकडून फाउंटन पेन मागून आणलं. चिठ्ठ्या अशा लिहिल्या, की लग्नपत्रिका वाटाव्यात.

जिनिंगवरचा महादेव म्हणाला, "काऊन बे, उंदराच्या आतड्याले आवतन देऊन राह्यला का?"

तिसऱ्या दिवशी बघतो तर स्पिरिट निळं, चिठ्ठ्या कोऱ्या. आणि काम नीट झालं तर कॉलेजातल्या सरांना सांगून मला नागपूरच्या प्रयोगशाळेत लावून घेईन, असा बाईंचा शब्द होता. त्यांच्या शेजारच्या टेबलावर! आता शाईचं कबूल कोण करणार? मी गुपचूप स्पिरिट बदललं आणि पेन्सिलनं नव्या चिठ्ठ्या लिहिल्या. आठवतील तशा.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तो बराच वेळ काढलाच नाही.

"हा गोगलगाईतला? तिच्यात याची फक्त पिल्लं असतात. मोठा होतो तो उंदरात गेल्यावर. हा तर पूर्ण वाढलेला आहे, अंड्यांसकट." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. "नक्की गोगलगाईतलाच ना?"

खरं बोलायची वेळ हीच होती. पण ती नजर हलली असती ना!

"मीच काढला बाई, माह्या हातानं."

महिनाभराचं काम शिल्लक होतं. ते तसंच टाकून बाई दुपारच्या पॅसेंजरनं नागपूरला निघाल्या, बाटली छातीशी धरून. जगात कोणी न पाहिलेलं आपण पाहिलं, या आनंदात. खिडकीतून म्हणाल्या, "तुमचं नाव मी सरांना सांगते."

सांगितलं असणारच.

आठवड्यानं उरलेलं सामान न्यायला कॉलेजचा शिपाई आला. सरांनी एका नजरेत उंदराचा जंत ओळखला म्हणे. शिवाय तो जरासा निळसर दिसला, तेव्हा बाईंनाही सगळं कळलं. माझ्या नोकरीचं मी शिपायाला विचारलं नाही. तुम्ही विचारलं असतं?

पुढे बाईंचं पोस्टकार्ड आलं. "राग नाही. पेन्सिल वापरत जा." एवढंच. इतकी वर्षं ते माझ्या पाकिटात आहे. मागेल त्याला दाखवतो.

तुम्ही मात्र शेवटपर्यंत ऐकलंत, म्हणून सांगून टाकतो. या किश्श्यात खोटं ते एवढंच. पोस्टकार्ड मीच लिहिलंय.

पेन्सिलनं.