सोड्याची चव

"चाख की. का एम.एस्सी. झाल्यावर जिभेला सोडा चालत न्हाय?"

शेठ असं म्हणाले आणि बाहेरगावचे व्यापारी हसले. मीही हसलो. ओला टॉवेल पिळला, त्याचं पाणी जिभेवर घेतलं, थुंकलो. "सोडा हाय अजून. एक धुलाई लागंल."

"बघा," शेठ व्यापाऱ्यांना म्हणाले, "आमचं चालतं-बोलतं मशीन."

सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यात मी रंगखात्यात आहे. रंग धरायला सोडा लागतो. तो नीट धुऊन गेला का, हे आमच्याकडे जिभेवर बघतात. वडील सांगोल्याहून इथं आले, तेही हेच करायचे. म्हातारपणी त्यांना भाजी अळणी आहे हे कळायचं नाही. मुकाट जेवायचे.

चाळिशी उलटल्यावर मी रंगरसायनातली एम.एस्सी. केली. नोकरदारांसाठीचा कोर्स, शनिवार-रविवारचा. पाहुणे विचारायचे, "आता प्राध्यापक होणार व्हय?" नाही. मला कारखान्यातच राहायचं होतं, फक्त लॅबमध्ये. माझे रविवार कॉलेजात गेले, बायकोनं एकटीनं घर ओढलं. शेठनी शब्द दिला होता, "पास हो, लॅब तुझी."

पास झालो. आणि लॅबची वाट बघत चारचौघांत चाखत उभा राहिलो.

व्यापारी गेल्यावर शेजारच्या टाकीवरचे रशीदभाई हळूच म्हणाले, "इत्ता पढके भी चाटनाच है क्या, भाई?"

टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते. चाटायची गरज नव्हती, हे मला ठाऊक होतं. लाल लिटमस कागदाची पट्टी पाण्यात बुडवायची, सोडा असला की ती निळी पडते. कॉलेजात पहिल्याच प्रॅक्टिकलला शिकलो होतो. पण टाकीवर कधी आणली नाही. शेठना राग येईल, लॅब जाईल, ही भीती.

पुढच्या खेपेला पाहुण्यांसमोर शेठनी हाक मारली, "या मास्तर." मी खिशातून पट्टी काढली.

"कॉलेजातलं कॉलेजात. चाख."

"न्हाय शेठ."

"मग लॅब विसर."

"बरं."

आवाज चढवला नाही. दमलो होतो.

लॅबमध्ये आता शेठचा भाचा बसतो. मी टाकीवरच आहे. घरी सांगितलं तेव्हा बायकोनं माझी कॉलेजची पुस्तकं उचलून माळ्यावर ठेवली. ते ओझं माझ्या मनावरून उतरत नाही, उतरणारही नाही. पण माझ्या पाळीत आता पट्ट्या असतात, रशीदभाईंच्या खिशातही. कुणालाही चाखायला लावलं, तर मशीन बंद करून मी मधे उभा राहणार. मला काढलं, तर दुसऱ्या कारखान्यात जाईन. तिथंही कामाला हात लावण्याआधी सांगेन, इथं कुणी चाखायचं नाही.