कुंकू लावलेला करार

मार्तंडराव न वाचता सही करणाऱ्यांतले नव्हते. देवासच्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये पेटीभर नट आले तरी चलान दोनदा वाचायचे. मग आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या करारावर त्यांनी न वाचता कशी काय सही केली? सोयरिकीपायी, दुसरं काय.

१९८५चा वैशाख. लेक इंदूच्या लग्नाची यादी करायला धारहून जगदेवराव आले. पीथमपूरला उभ्या राहणाऱ्या एका कारखान्याचे ते प्रोजेक्ट मॅनेजर, आणि आता व्याही. यादी रीतीप्रमाणे झाली. मानपानापासून वरातीच्या बसपर्यंत एकेक कलम मोठ्याने वाचलं, दोन्हीकडच्यांनी मनसोक्त घासाघीस केली, मग सह्या, मग कागदाला कुंकू. तेवढ्यात जगदेवरावांनी पिशवीतून दुसरा कागद काढला. कारखान्याच्या शेडचं काम सोयरीक जुळण्याआधीच मार्तंडरावांना मिळालं होतं, त्याचा करार.

"मुहूर्त चांगला आहे, हेही उरकून टाकू," ते म्हणाले.

बावीस पानं, सगळं इंग्रजी. व्याह्यांसमोर ती चाळत बसायचं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा. मार्तंडरावांनी सही ठोकली. त्यांच्या पत्नी सुमंगलाबाईंनी त्या कागदालाही कुंकवाचं बोट लावलं.

बाराव्या दिवशी मार्तंडरावांच्या जुन्या फिटरने, बापूने, शेडचा नकाशा फरशीवर पसरला आणि उकिडवा बसून एकेक रेघ बोटाने तपासली.

"भिया, इसमें तिरछी पट्टियाँ कहाँ हैं?"

वाऱ्याचा जोर झेलणारे तिरपे आधार नकाशात नव्हतेच. मार्तंडरावांनी कपाटातून करार काढला आणि पहिल्यांदा वाचला. कलम चौदा: नकाशात दोष असल्यास ठेकेदाराने सहीपासून पंधरा दिवसांत लेखी कळवावे, न कळवल्यास पुढची सारी जबाबदारी त्याची. आपणहून पट्ट्या जोडाव्यात, तर कलम नऊप्रमाणे नकाशाबाहेर एक खिळाही ठोकायचा नाही. तीन दिवस उरले होते, आणि नकाशाखाली सही होती जगदेवरावांची.

त्यांनी धारला ट्रंक कॉल लावला. "घरातल्या घरात कागद कशाला, मार्तंडराव? लग्नानंतर बघू," एवढं बोलून व्याह्यांनी फोन ठेवला.

माळव्यातली जेठातली वावटळ मार्तंडरावांनी पाहिली होती. डोळे मिटले की त्यांना ती शेड दिसे, आणि तिच्याखाली पाळीवरची शंभर-दीडशे माणसं.

"पत्र पाठवाल तर सोयरीक मोडेल," सुमंगलाबाई म्हणाल्या. "यादी झालेली पोर आहे. मी काय तोंड दाखवू?"

इंदू दारात उभी राहून ऐकत होती. तिच्याकडे बघायची मार्तंडरावांची छाती झाली नाही.

तिसऱ्या दिवशी पोस्ट बंद व्हायला दहा मिनिटं असताना त्यांनी पत्र रजिस्टर केलं. पत्त्यात इतकी खाडाखोड झाली, की कारकुनाने तो परत लिहायला लावला.

चार दिवसांनी पोचपावती आली, खाली जगदेवरावांची सही. त्यापलीकडे अवाक्षर नाही. आठवडा गेला. दाराशी स्कूटर थांबली तरी सुमंगलाबाई खिडकीशी धावायच्या.

मग एका सकाळी जगदेवराव आले. तोंड उतरलेलं. पाणीसुद्धा घेतलं नाही, फक्त बसायला पाट मागितला. मार्तंडरावांना वाटलं, आता यादी परत मागतील. पिशवीतून निघाला तो करार, आणि पट्ट्या घातलेला नवा नकाशा.

"कलम चौदा शोधायला मी हा करार पहिल्यांदाच उघडला," ते म्हणाले. "आणि तो नकाशाही मी पाहिला नव्हता. ड्राफ्ट्समनने पुढे केला, मी सही केली. तुमचं पत्र आलं नसतं तर शेड तशीच उभी राहिली असती, मार्तंडराव. तेव्हापासून मला झोप नाही." करार उलगडून म्हणाले, "बसा. यादी वाचतो तसं पहिल्यापासून वाचू."

मार्तंडरावांनी चष्मा लावला. कलम एक त्यांनी मोठ्याने वाचायला घेतलं. सुमंगलाबाई कुंकवाचा करंडा घेऊन आल्या, पण बावीस पानं संपेपर्यंत त्यांनी तो उघडला नाही.